मोहोर भरघोस, फळ मोजकं: पराग आणि फळधारणेबद्दल कोकणातल्या बागायतदारांचे नेहमीचे प्रश्न

जानेवारीत हापूसचं कलम मोहोराने झाकून जातं आणि मार्चमध्ये त्याच कलमावर कैऱ्या शोधाव्या लागतात. पहिला संशय खतावर जातो, दुसरा औषधावर. फुलात पराग होता का, तो वेळेत योग्य जागी पोचला का, हे मात्र क्वचितच कोणी बघतं. खालची उत्तरं त्या बाजूने दिली आहेत. दहापट मोठं दाखवणारं एक भिंग खिशात ठेवा. बरीचशी उत्तरं झाडाखाली उभ्या उभ्याच मिळतील.

पराग म्हणजे नेमकं काय, आणि फळाला तो कशाला लागतो?

पुंकेसराच्या टोकाला परागकोश असतो. तो फुटला की जी भुकटी दिसते ती पराग. प्रत्येक कण म्हणजे नरपेशी वाहून नेणारी बंद डबी. तिचं बाहेरचं कवच स्पोरोपोलेनिन या अतिशय चिवट पदार्थाचं असतं. तलावाच्या गाळात हजारो वर्षांपूर्वीचे परागकण ओळखू येतात ते यामुळेच. पण कवच टिकलं म्हणून आतला जीव टिकत नाही. भाताचा पराग हवेत आल्यावर काही मिनिटांतच निकामी होतो.

कण कुक्षीवर, म्हणजे स्त्रीकेसराच्या ओलसर टोकावर पडला की ओल शोषून फुगतो आणि त्यातून एक बारीक नलिका फुटते. ही परागनलिका कुक्षीवृंतातून खाली वाढत बीजांडापर्यंत जाते आणि दोन नरपेशी आत सोडते. एक अंडपेशीशी जुळते आणि भ्रूण तयार होतो. दुसरीपासून भ्रूणाचं अन्न, म्हणजे भ्रूणपोष तयार होतो. शहाळं फोडून आपण पितो ते पाणी म्हणजे पातळ अवस्थेतला भ्रूणपोष, आणि करवंटीला आतून धरलेली मलई हा त्याचाच घट्ट झालेला थर. परागाने काम केलं नसतं तर यातलं काहीच झालं नसतं.

फळाच्या दृष्टीने यापुढची पायरी महत्त्वाची. वाढणारं बीज संप्रेरकं सोडतं आणि त्यांच्या जोरावर फळ देठाला धरून राहतं. बीज धरलंच नाही तर देठाशी पेशींचा थर सुटतो आणि फळ गळतं. आपण त्याला गळ म्हणतो आणि औषध शोधायला लागतो.

परागीभवन झालं म्हणजे फळ धरलंच ना?

नाही. पराग कुक्षीवर पोचणं हे परागीभवन. नरपेशी आणि अंडपेशी एक होणं हे फलन. मधल्या वाटेत थंडीने नलिका थांबू शकते, पावसाने कण फुटू शकतो, किंवा कुक्षी तो पराग नाकारू शकते. हापूसच्या बाबतीत शेवटचं कारण फार मोठं आहे.

हापूसला एवढा मोहोर येऊनही फळ इतकं कमी का?

थोडी गळ धरूनच चालायला हवं. आंब्याच्या एका तुऱ्यात शेकड्यांनी, कधी हजारांवर फुलं असतात आणि शेवटी एक टक्क्याहूनही कमी फुलांची फळं होतात. त्याहून कमी झालं तर पुढच्या चार गोष्टी बघा.

एक, फुलांचा प्रकार. मोहोरात दोन तऱ्हेची फुलं असतात, नर आणि उभयलिंगी. फळ फक्त उभयलिंगी फुलाला धरतं आणि हापूसमध्ये त्यांचं प्रमाण मुळातच कमी असतं. तुरा तयार होत असताना थंडी जास्त पडली तर ते आणखी घटतं.

दोन, थंडी. रात्रीचं तापमान 15 अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ लागलं की पराग नीट पोसला जात नाही आणि परागनलिका रेंगाळते. फूल बाहेरून ठणठणीत दिसतं, पण आतलं काम थांबलेलं असतं.

तीन, पराग कोणाचा. याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. हापूस स्वतःच्या परागाने फारसं फळ धरत नाही. आणि कलमं म्हणजे एकाच झाडाच्या फांद्या असल्यामुळे शंभर हापूस कलमांची बाग परागाच्या हिशेबाने एकच झाड आहे. पूर्वी बांधावर, घराच्या मागे, पाणंदीला रायवळ, म्हणजे कोयीपासून वाढलेले आंबे, उभे असत आणि तेच पराग पुरवत. ते तोडून सलग हापूस लावला की हा पुरवठा तुटतो. म्हणून नव्या लागवडीत दहातलं एक कलम दुसऱ्या जातीचं ठेवा: केसर, गोवा मानकूर किंवा रत्ना. रत्ना ही नीलम आणि हापूस यांच्या संकरातून वेंगुर्ल्याला तयार झालेली जात. ही कलमं एका कोपऱ्यात लावून उपयोग नाही, ती बागभर विखुरलेली हवीत. जुनी बाग असेल तर प्रत्येक दहा-बारा कलमांमागे एकाच्या दोन-तीन फांद्यांवर दुसऱ्या जातीच्या काड्या बांधा. नवं कलम वाढण्याची वाट बघण्यापेक्षा हे लवकर लागू पडतं.

चार, माशा. आंब्याचा पराग चिकट असतो, वाऱ्याने फारसा जात नाही. मधमाश्या मोहोरावर येतात, पण मोठं काम निळ्या-हिरव्या चकचकीत माशा, घरमाशीसारख्या माशा आणि हवेत स्थिर राहून घिरट्या घालणाऱ्या सिर्फिड माशा करतात. पालापाचोळा जाळून, सगळं गवत मारून बाग चकाचक केली की त्यांनाच जागा उरत नाही. मोहोराच्या दिवसांत झाडाखाली शेणखताचा छोटा ढीग ठेवा. मासळीची आतडी-डोकी जाळीच्या टोपलीत घालून बागेत टांगली तरी माशा जमतात. मात्र टोपली घरापासून आणि विहिरीपासून लांब ठेवा.

नर फूल आणि उभयलिंगी फूल ओळखायचं कसं?

सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान नुकतं उमललेलं फूल घ्या आणि भिंगाखाली धरा. मधोमध फिकट, गुबगुबीत चकती दिसेल. तिच्यावर हिरवट-पिवळा गोल मणी आणि त्याच्या बाजूने निघालेला बारीक दांडा असेल तर फूल उभयलिंगी. मणी नसेल, नुसती चकती आणि केसर असतील तर नर. दोन्ही प्रकारांत साधारण एकच पुंकेसर कामाचा असतो. त्याचा परागकोश आधी गुलाबी असतो, फुटल्यावर जांभळट-करडा होतो.

झाडाच्या चारी बाजूंनी एकेक आणि मधून एक असे पाच तुरे निवडा आणि प्रत्येकातली वीस-वीस फुलं तपासा. शंभरात उभयलिंगी किती हा आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवा. तीन-चार वर्षांच्या नोंदी झाल्या की कुठल्या मोहोरावर किती खर्च करायचा याचा अंदाज येतो.

कैरी बोराएवढी होते, पिवळी पडते, कापली तर आत कोय नसते. हा रोग आहे का?

रोग नाही. पराग पोचला नाही किंवा फलनानंतर भ्रूण आतच मेला. बीजाशिवाय अंडाशय थोडा वाढतो आणि थांबतो. तुऱ्याच्या शेंड्याला अशा फळांचा गुच्छ दिसला तर त्यावर बुरशीनाशक मारू नका, पैसे फुकट जातील. वाटाणा ते गोटी अवस्थेतली पाच-सहा गळलेली फळं ब्लेडने उभी कापा. आत पांढरं, टपोरं बीज असूनही फळ गळलं असेल तर कारण पाणी, कीड किंवा पुनर्मोहोर. बीज सुकलेलं, तपकिरी असेल तर कारण परागाच्या बाजूचं.

पुनर्मोहोराचा याच्याशी संबंध आहे?

आहे, पण उलट्या बाजूने. फळधारणा झाल्यावर थंडी लांबली की त्याच डहाळीला नवा मोहोर फुटतो आणि झाड अन्न तिकडे वळवतं. आधीची वाटाण्याएवढी, गोटीएवढी फळं गळतात. यासाठी जिबरेलिक आम्ल 50 पीपीएम, म्हणजे 20 लिटर पाण्यात 1 ग्रॅम, मोहोर पूर्ण फुललेला असताना एकदा आणि फळं वाटाण्याएवढी झाल्यावर दुसऱ्यांदा फवारतात. भुकटी पाण्यात थेट विरघळत नाही. आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाण्यात मिसळा, नाहीतर तळाशी बसते आणि फवारणी वाया जाते.

मोहोर फुललेला असताना तुडतुड्यांसाठी फवारणी केली तर?

शक्यतो करू नका. तुडतुड्यांचा बंदोबस्त मोहोर फुटण्याआधी आणि बोंगे फुटताना झाला पाहिजे. फुलं उमलायला लागल्यापासून फळधारणा होईपर्यंत मारलेलं कीटकनाशक माशा आणि मधमाश्या दोन्ही मारतं. साध्या पाण्याचा जोरदार फवारासुद्धा सकाळी अपाय करतो, कारण परागकोश दुपारच्या आधीच फुटतात. अगदी गत्यंतर नसेल तर सूर्य कलल्यावर, माश्यांची ये-जा थांबल्यावर फवारा आणि पेट्या ठेवणाऱ्या शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगा.

शेजारच्या रायवळचा पराग लागून माझा हापूस आंबट होईल का?

होणार नाही. आपण खातो तो गर अंडाशयाच्या भिंतीचा, म्हणजे पूर्णपणे मातृवृक्षाचा. बापाचा वाटा कोयीतल्या बीजात जातो. म्हणूनच हापूसची कोय लावली तर हापूस मिळत नाही, पण हापूसच्या झाडावरचा आंबा हापूसच राहतो. जिथे आपण बीजच खातो तिथे गोष्ट वेगळी. पांढऱ्या मक्याशेजारी पिवळा मका लावला तर पांढऱ्या कणसात त्याच हंगामात पिवळे दाणे दिसतात, कारण दाण्यातल्या भ्रूणपोषात बापाचा वाटा असतो.

या गैरसमजापायी रायवळ तोडलेले बांध कोकणात खूप आहेत. जे उरलेत ते ठेवा.

काजूलाही हेच लागू का?

बरंचसं. काजूच्या तुऱ्यातही नर आणि उभयलिंगी फुलं एकत्र असतात. उभयलिंगी फुलात एक लांब पुंकेसर आणि त्याच्या जोडीला बाहेर डोकावणारा कुक्षीवृंत असा दुहेरी काटा दिसतो, नर फुलात पुंकेसर एकटाच. ताजं फूल पांढरट असतं, शिळं होत जातं तसं गुलाबी होतं. तुऱ्यात सगळीच फुलं गुलाबी आणि एकही बी धरलेली नसेल तर कीटक आले नाहीत असं समजा. तुरा शेंड्याकडून करपला असेल तर मात्र ढेकण्या, म्हणजे कोवळ्या भागातला रस शोषणारा किडा, बघा.

माडाच्या पोयीतून लहान बोंडं गळतात. पराग कमी पडतो का?

कधी कधी. नारळाच्या एका पोयीत, म्हणजे फुलोऱ्यात, नर फुलं हजारोंनी असतात आणि मादी फुलं, म्हणजे देठाकडची गोल बोंडं, साधारण दहा ते पन्नास. बाणवलीसारख्या उंच जातीत आधी जवळजवळ तीन आठवडे नर फुलं उमलून झडतात आणि मग त्याच पोयीतली मादी फुलं तयार होतात. म्हणजे स्वतःच्या पोयीचा पराग तिला मिळत नाही, शेजारच्या माडाचा लागतो. परसात एकच माड असेल आणि आसपास माड नसतील तर फळ कमीच धरणार. ठेंगण्या जातीत दोन्ही काळ एकमेकांवर येतात, त्यामुळे तिथे एकटा माडही चालतो.

मादी फूल तयार झाल्याची खूण: टोकावरची तीन पाकळ्यांसारखी कुक्षी पांढरी, ओलसर दिसते आणि तिथे मधाचा थेंब येतो. ही स्थिती एक ते तीन दिवस टिकते, मग कुक्षी तपकिरी पडते. त्या दिवसांत माडाच्या डोक्यात पावडर किंवा फवारा नको. बाकी अर्ध्याहून जास्त बोंडं गळणं माडात नैसर्गिक आहे. पालाश आणि उन्हाळी पाणी कमी पडलं की गळ आणखी वाढते, तेव्हा तेही तपासा.

ठेंगणी आणि बाणवली यांचा संकर स्वतः करता येतो का?

करता येतो, पण माडावर रोज चढणारा माणूस हवा. ठेंगणी आई धरली तर पद्धत अशी. पोय फुटली की नर फुलं उमलण्याआधीच सगळी काढून टाका. एखादंही राहिलं तर संकर खात्रीचा राहत नाही. बोंडं तेवढी ठेवून पोयीला दाट कापडाची पिशवी बांधा. बाणवलीची पिकलेली नर फुलं आणून हलकेच चिरडा, 40 अंशांच्या आत एक दिवस सुकवा आणि बारीक चाळणीतून पराग चाळून घ्या. एक भाग परागाला नऊ भाग टाल्क पावडर मिसळा. मादी फुलं तयार व्हायला लागली की रोज सकाळी पिशवीच्या तोंडातून हे मिश्रण कुक्षींवर फुंका. शेवटची कुक्षी तपकिरी झाल्यावर आठवडाभराने पिशवी काढा. पोयीला तारखेची चिठ्ठी बांधायला विसरू नका, नारळ तयार व्हायला जवळजवळ वर्ष लागतं आणि तोवर कोणती पोय ते आठवत नाही.

कोकमाचं झाड दहा वर्षांचं झालं, फुलं येतात, रातांबा एकही नाही. का?

ते झाड बहुधा नर आहे. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात. सात-आठ वर्षं खतपाणी केल्यावर हे कळतं, म्हणून दुःख जास्त. नर फुलं पानांच्या बेचक्यात झुबक्याने येतात आणि मधोमध पुंकेसरांचा पिवळट गुच्छ असतो. मादी फूल जाड देठाचं, एकटंदुकटं, मध्ये गोल अंडाशय आणि त्यावर खाचा असलेली टोपीसारखी कुक्षी.

नर झाड तोडू नका, त्याचा डेरा छाटून फुटव्यांवर मादी झाडाच्या काड्यांचं कलम करा आणि एक फांदी नरच राहू द्या. नवी लागवड असेल तर कोकण अमृतासारख्या जातीची कलमंच घ्या आणि दहाला एक नर ठेवा.

जायफळाचं गणितही हेच, दहा मादी झाडांना एक नर. नर फूल सडपातळ, मादी तळाशी फुगीर घागरीसारखं. ब्लेडने उभं कापलं की शंका राहत नाही. जायफळाच्या कलमासाठी काडी सरळ वर जाणाऱ्या फांदीचीच घ्या, आडव्या फांदीच्या काडीचं झाड आडवंच पसरतं. आणि हो, आपण केसांत माळतो तो घमघमणारा केवडाही नर झाडाचाच.

फणसाची कोवळी फळं काळी पडून गळतात. फवारू का?

आधी बघा ती फळं आहेत का. फणसाला एकाच झाडावर नर आणि मादी कणसं वेगवेगळी येतात. नर कणीस बारीक देठाचं, लांबट, अंगावर पिवळी भुकटी. पराग झडला की बुरशी येऊन काळं पडतं आणि गळतं. ते त्याचं काम संपवून गेलं. मादी कणीस, ज्याची पुढे कुयरी म्हणजे कोवळा फणस होतो, जाड देठाचं असतं आणि देठाच्या वर कडं असतं. मादी काळी पडत असेल तरच उपाय शोधा. फणसात प्रत्येक गरा म्हणजे फलन झालेलं एक फूल. गऱ्यांमधल्या पिवळट पट्ट्या म्हणजे फलन न झालेली फुलं. फणस एका बाजूने खोलगट असेल तर त्या बाजूला पराग पोचला नव्हता.

पावसाळ्यात पडवळ, काकडी, भोपळ्याच्या कळ्या पिवळ्या पडून जातात. काय करावं?

कोकणात सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. कारण सरळ आहे: संततधारेत माश्या उडत नाहीत, आणि पाणी लागलं की परागकण पाणी शोषून फुटतो. उपाय हाताने परागीभवन.

आधी वेळ नीट समजून घ्या. भोपळा, काकडी, कारलं आणि घोसाळं पहाटे किंवा सकाळी उमलतात. पडवळ, दुधी, शिराळं संध्याकाळी. सकाळी सहाला दुधीच्या मांडवाखाली जाऊन काही हाती लागत नाही.

पावसाळी भोपळ्याची युक्ती अशी. आदल्या संध्याकाळी टोकाला पिवळी झालेली, दुसऱ्या दिवशी उमलणारी नर कळी देठासकट तोडा आणि घरात पाण्याच्या पेल्यात ठेवा. सकाळी ती घरातच उमलते आणि पराग कोरडा मिळतो. मादी कळी वेलीवरच ठेवा, फक्त तिच्यावर कागदाचा शंकू किंवा सागाचं पान उलटं बांधा. मादी कळीच्या मागे बाळफळ असतं, नराच्या मागे नुसता देठ. सकाळी सहा ते आठमध्ये नर फुलाच्या पाकळ्या काढा, परागकोशाला बोट लावून पिवळी भुकटी सुटते का बघा आणि मादीच्या कुक्षीच्या तिन्ही भागांवर फिरवा. एकच भाग माखला तर फळ वाकडं होतं. एका मादीला दोन नर फुलं वापरा, आणि पाऊस असेल तर शंकू आणखी एक दिवस राहू द्या. तीन-चार दिवसांत बाळफळ चकाकायला लागलं आणि देठ खाली वळला की जमलं. टोकाकडून पिवळं पडलं तर पुन्हा दुसऱ्या कळीवर.

सुरुवातीचे आठ-पंधरा दिवस नुसती नर फुलं येणं स्वाभाविक आहे. त्यानंतरही मादी येत नसेल तर युरिया थांबवा. फागलीचे, म्हणजे कंटोळीचे नर-मादी वेल मात्र वेगळेच असतात, दहा मादी वेलांमागे एक नर वेल हवा.

भातकापणीनंतर लावलेली कलिंगडं एका बाजूला दबकी होतात, तेही यामुळेच?

हो. कुक्षीच्या सगळ्या भागांवर पराग भरपूर पडावा लागतो आणि त्यासाठी एका मादी फुलावर मधमाशीने अनेक फेऱ्या मारायला हव्यात. बिनबियांचं कलिंगड लावलं असेल तर त्याचा स्वतःचा पराग निकामी असतो, म्हणून मध्ये बियांच्या जातीच्या ओळी हव्यातच.

पाऊस परागाचा कायमच शत्रू का?

मिरीला नाही. मिरीच्या तुऱ्यावरून ओघळणारे पावसाचे थेंबच वरच्या फुलांचा पराग खालच्या फुलांवर नेतात. जून-जुलैत तुरे येताना पावसाने दडी मारली तर तुऱ्यात दाण्यांमध्ये फटी राहतात. तेव्हा वेलींवर वरून पाणी शिंपडा. भाताचं उलट. भात सकाळी नऊ ते बाराच्या सुमारास फुलतो, त्या वेळी सलग पाऊस लागला की पळंज, म्हणजे पोकळ दाणे, वाढतं. निसवणीच्या, म्हणजे लोंब्या बाहेर पडण्याच्या, आठवड्यात सकाळी खाचरात शिरून लोंब्या हलवू नका आणि फवारणी दुपारनंतरच करा. संकरित भाताच्या बीजोत्पादनात मात्र मुद्दाम दोरी ओढून नर ओळी हलवतात. कर्जतच्या सह्याद्री या संकरित भातजातींच्या बियाण्यासाठीही पराग असाच मादी ओळींवर उडवावा लागतो.

मधमाश्यांच्या पेट्या किती आणि कधी ठेवाव्यात?

एकरी दोन सातेरीच्या (पेटीत पाळता येणाऱ्या देशी मधमाशीच्या) पेट्यांनी सुरुवात करा. फुलोरा पाच-दहा टक्के उमलल्यावरच पेटी आणा. आधी आणली तर माश्या रानातल्या दुसऱ्या फुलांना लागतात आणि तिकडेच जात राहतात. पेटी सावलीत, जमिनीपासून दीड-दोन फुटांवर, स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवून मांडा, नाहीतर मुंग्या आठवड्यात वसाहत संपवतात. जवळ उथळ पाणी ठेवा. आंब्यासाठी नुसत्या पेट्यांवर विसंबू नका. काजू, कलिंगड आणि वेलवर्गीय भाज्यांना त्यांचा फायदा जास्त दिसतो.

पराग जिवंत आहे की मेलेला, हे तपासता येतं का?

शाळा-कॉलेजातली सूक्ष्मदर्शी मिळाली तर येतं. 100 मिली ऊर्ध्वपातित पाण्यात 10 ग्रॅम साखर आणि 10 मिलिग्रॅम बोरिक आम्ल विरघळवा. काचपट्टीवर एक थेंब घ्या, त्यात नुकत्या फुटलेल्या परागकोशाची भुकटी झटका आणि पट्टी ओल्या टिपकागदासह झाकणाच्या डबीत ठेवा. दोन ते चार तासांनी शंभरपट मोठं करून बघा. कणाच्या व्यासाहून लांब नलिका फुटलेले कण जिवंत धरा आणि शंभरात किती ते मोजा. सगळे कण फुटून आतला गाळ पसरलेला दिसला तर साखर कमी पडली आहे. 15 ग्रॅम घेऊन पुन्हा करा. थंडीच्या लाटेआधीचा आणि नंतरचा पराग असा शेजारी शेजारी ठेवून मोजला की मोहोराचं काय झालं ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.